थंडीतली घोडेस्वारी, गार पडणारी बोटं आणि हातमोजे

डिसेंबर लागला की नाशिकच्या पेपरात एक चौकट ठरलेली: निफाडचा पारा कितीवर आला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सहसा शहराच्या आकड्याच्या खालीच असतो, आणि एखाद्या वर्षी तो पाच अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षबागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. नेमक्या त्याच वेळेला घोडेस्वारी करणारी मंडळी तबेल्यावर पोचलेली असतात, कारण नऊच्या पुढे कुणाला ऑफिस असतं, कुणाला शाळा.

नाशिकला घोडा नवा नाही. डॉ. मुंजे यांनी १९३७ साली सुरू केलेल्या भोसला मिलिटरी स्कूलमधून मुलांच्या किती पिढ्या खोगिरावर बसायला शिकल्या. पण आता चाळिशी-पन्नाशीत नव्याने शिकायला येणारेही बरेच आहेत, आणि त्यांच्यात दर थंडीत तीच तक्रार ऐकू येते: पाय ठीक, अंग ठीक, पण बोटं मेली. मग हातमोजे घेतले जातात. ते पुरत नाहीत म्हणून आणखी जाड घेतले जातात. ज्यांचं रक्ताभिसरण मुळातच कमी, त्यांना या जाड हातमोज्यांचा फायदा कमी आणि त्रास जास्त होतो. असं का होतं हे कळलं, तर दुकानात काय बघायचं ते आपोआप कळतं.

बोटं गार का पडतात

शरीराच्या हिशेबात बोटं ही चैनीची गोष्ट आहे. मेंदू, हृदय, पोटातले अवयव ३७ अंशांच्या आसपास ठेवणं हे त्याचं पहिलं काम. बाहेर गारठा वाढला की ते आधी कुठे काटकसर करतं, तर हातापायांच्या टोकांना. बोटांच्या टोकांत बारीक रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या नलिका असतात. त्या उघड्या असल्या की गरम रक्त भसाभस बोटात येतं; मज्जातंतूंचा हुकूम सुटला की त्या मिटतात आणि बोटाला जगण्यापुरतंच रक्त मिळतं.

त्यात बोटांना स्वतःची भट्टी जवळपास नाहीच. बोटं वाकवणारे मुख्य स्नायू कोपराखाली, हाताच्या पुढच्या भागात असतात. बोटात येतात त्या त्यांच्या दोऱ्या. स्नायू नाही म्हणजे उष्णता तयार होणं नाही. शिवाय बोट बारीक, त्यामुळे आकाराच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा, आणि उष्णता चारी बाजूंनी निसटते. थोडक्यात, बोटात जी काही ऊब असते ती रक्ताने आणलेली असते. बाकी कुठून येत नाही.

इथेच हातमोज्याची मर्यादा लक्षात येते. हातमोजा ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतो. गोळेवाला बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून ठेवतो ना? तेच गोणपाट भोवती घट्ट असल्यामुळे बर्फ दुपारपर्यंत टिकतो. बोट आधीच गार झालं असेल आणि त्यात रक्त येत नसेल, तर दोनशे रुपयांचा असो की पाच हजारांचा, हातमोजा त्या बोटाचा गारठाच जपून ठेवणार.

धडधाकट माणसाच्या बोटांना एक सवलत असते. बर्फाच्या पाण्यात बोट बुडवलं की ते आधी गारठतं, पण काही मिनिटांनी रक्तवाहिन्या थोड्या उघडतात, ऊब येते, पुन्हा मिटतात, पुन्हा उघडतात. थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरने १९३० मध्ये हे नोंदवून ठेवलं. रपेट सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी ‘आता हात गरम झाले’ असं बाकीचे म्हणतात त्यात या लाटेचा वाटा असतो, आणि अंग तापल्याचाही. रक्ताभिसरण कमी असलेल्यांत ही लाट क्षीण असते. म्हणून ‘थांब जरा, होतील गरम’ हा सल्ला त्यांना लागू पडत नाही, कितीही मायेने दिलेला असला तरी.

नुसती थंडी, की आणखी काही

काहींच्या बाबतीत गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. गारठा लागला की एक-दोन बोटं एकदम खडूसारखी पांढरी पडतात. रेषा आखल्यासारखी हद्द दिसते: इथपर्यंत गुलाबी, इथून पुढे पांढरं. मग ती निळसर होतात, आणि ऊब मिळाल्यावर लालबुंद होऊन ठणकतात. सावळ्या हातांवर हे रंग तितके उठून दिसत नाहीत. नखाखाली आणि तळहाताच्या बाजूने बघितलं की कळतात. याला रेनॉडचा विकार म्हणतात. मोरीस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात रक्तवाहिन्या थंडीला गरजेपेक्षा फारच जास्त घाबरतात. ताणतणावानेही झटका येतो, म्हणजे बुजरा घोडा मिळाला तरी बोटं पांढरी व्हायला कारण पुरतं.

बहुतेकांत हा त्रास तरुणपणी सुरू होतो, बायकांत जास्त दिसतो, आणि तो त्रासदायक असला तरी घातक नसतो. पण पस्तिशी-चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झाला, एकाच हाताला होतोय, बोटांच्या टोकाला जखमा होऊन भरत नाहीत, कातडी ताठ होतेय किंवा सांधे दुखतायत, तर हातमोज्यांचं दुकान नंतर, आधी फिजिशियन किंवा संधिवाततज्ज्ञ. ल्युपस, स्क्लेरोडर्मा यांसारखे आजार असे सुरू होऊ शकतात. थायरॉइड कमी असणं, रक्तक्षय, मधुमेह यांनीही हातांच्या तक्रारी होतात. औषधांचंही विचारून घ्यावं. रक्तदाबासाठी दिली जाणारी काही बीटा-ब्लॉकर औषधं, अर्धशिशीची काही औषधं आणि सर्दीच्या काही गोळ्या बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतात. मनाने गोळी बंद करू नये, पण डॉक्टरांना ‘मी पहाटे घोड्यावर असते’ हे सांगितलं पाहिजे. त्यांना स्वप्नात पडणार नाही. तंबाखू आणि सिगरेट मात्र स्वतःच्या हातात आहे. तबेल्याबाहेर शेकोटीपाशी ओढलेली एक सिगरेट शेकोटीने दिलेली ऊब परत घेते.

लगाम धरणारा हात

मोटारसायकलवाल्याला जे हातमोजे चालतात ते स्वाराला का चालत नाहीत? लगामाचा पट्टा करंगळी आणि अनामिका यांच्या मधून आत येतो, तळहातावरून वर जातो आणि तर्जनीवर अंगठ्याने धरला जातो. घोड्याच्या तोंडाची हालचाल या पट्ट्यातून बोटांना कळते आणि बोटांचं म्हणणं घोड्याला कळतं. अनामिका जरा मिटली की ‘थांब’, जरा सैल सोडली की ‘चल’. हा सगळा व्यवहार काही मिलिमीटरचा.

जाड हातमोज्यात तो पट्टा जाणवत नाही. जाणवत नाही म्हणून माणूस घट्ट धरतो. मूठ आवळली की हातातल्या स्नायूंचा दाब रक्तवाहिन्यांवर येतो, आधीच कमी असलेलं रक्त आणखी कमी येतं, बोटं अधिक बधिर होतात, आणि बधिर झाली म्हणून मूठ अजून आवळली जाते. घोड्यालाही ते आवडत नाही. तो मान वर फेकतो, लगाम जिला जोडलेला असतो ती तोंडातली कडी चावत राहतो. आमच्याकडचे मोतद्दार मामा रिंगणाच्या कडेवरून ओरडतात, “ताई, मूठ सोडा, घोडं वैतागलं!” ताईंना वाटतं घोड्याच्या आज अंगात आलंय. त्याच्या तोंडाला पाच किलोचे हात लटकलेत हे हातमोजे काढल्याशिवाय ताईंना कळायचं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: रक्ताभिसरण कमी असलेल्या स्वाराने तळव्याला पातळ, हाताच्या पाठीला उबदार आणि बोटांना ऐसपैस असा हातमोजा घ्यावा, आणि उरलेली ऊब हातमोज्याबाहेर शोधावी.

निवडताना

ऊब धरून ठेवते ती अडकलेली, न हलणारी हवा. लोकर, फ्लीस, थिन्सुलेटसारखं बारीक तंतूंचं अस्तर ही सगळी हवा अडकवण्याची साधनं. अस्तरावर ४० ग्रॅम, १०० ग्रॅम असं लिहिलेलं असतं. ते हातमोज्याचं वजन नव्हे, तर एक चौरस मीटर अस्तराचं. आकडा मोठा तितकं अस्तर जाड. स्वारीच्या हातमोज्याला चाळीसच्या आसपासचं पुरतं, आणि तेही पाठीच्या बाजूला. घट्ट हातमोज्यात ही हवा चेपली जाते आणि बोटंही चेपली जातात, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. ‘ताणून घाला, वापरून सैल होईल’ असं दुकानदार म्हणाला तर हसून पुढच्या दुकानात जावं.

माप असं घ्यायचं: हात सपाट, अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठींवरून शिंप्याची टेप फिरवायची. बऱ्याच कंपन्यांचा नंबर म्हणजे याच घेराचे इंच. घेर साधारण २० सेंटिमीटर आला तर ८ नंबर. आतून लायनर, म्हणजे आतला पातळ हातमोजा, घालणार असाल तर तो घालूनच माप घ्या. अंगठी आधी काढून ठेवा, थंडीत ती बोटाला दोरा बांधल्यासारखंच काम करते. मग मूठ वळून बघा. बोटाच्या टोकापुढे थोडी जागा राहिली पाहिजे. टोक कापडाला टेकलं की तिथली हवा गेली, आणि पहिला गारठा टोकालाच लागतो.

दोन थर हा नाशिकसाठी सगळ्यांत शहाणा मार्ग. इथली थंडी कोरडी आणि फसवी. सकाळी साडेसहाला नऊ-दहा अंश, आणि दुपारी त्याच दिवशी पंख्याची आठवण यावी इतकं ऊन. जाड एकजीव हातमोजा घातला की अर्ध्या तासात तळहात घामेजतात. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट सहज उष्णता वाहून नेतं, त्यामुळे घामाने भिजलेलं अस्तर वेग कमी होताच बोटं गारठवायला लागतं. आत मेरिनो लोकरीचा किंवा रेशमाचा पातळ लायनर आणि वर वारा अडवणारा स्वारीचा हातमोजा असला, तर एक थर उतरवता येतो. लोकर ओलसर झाली तरी बरीच ऊब धरते. सुती लायनर भिजला की संपला. क्रिकेटच्या कीपरचे सुती इनर घालून बघणारे आहेत. कोरड्या हातांना आणि अर्ध्या तासाच्या फेरीला चालतात, घामट हातांना नाहीत.

वारा मात्र अडवलाच पाहिजे. हवा निश्चल असली तरी घोडा दुडकीला तासाला बारा-तेरा किलोमीटरने धावतो, म्हणजे तेवढा वारा स्वार स्वतःच तयार करतो, आणि मुठी सगळ्यांत पुढे असतात. हाताने विणलेले लोकरीचे मोजे इथेच नापास होतात: वारा आरपार जातो आणि चामड्याचा लगाम त्यांच्यातून सटकतो. आजीने विणले असतील तर लायनर म्हणून आत घाला, तिलाही बरं वाटेल. जलरोधक पडद्याचे महागडे हातमोजे इथे सहसा लागत नाहीत. नाशिकला जानेवारीत पाऊस क्वचित. ते पैसे वाचवा.

तळवा पातळ चामड्याचा किंवा सिंथेटिक स्वेडचा हवा आणि करंगळी-अनामिकेच्या मधल्या बेचक्यात जादा तुकडा शिवलेला हवा. ही स्वारीच्या हातमोज्याची खूण. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमध्ये, मेन रोडला किंवा गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत मिळतात ते बहुतेक मोटारसायकलचे. त्यांत गाठींवर कडक कवच, तळव्यात गादी आणि बोटांमध्ये जाड शिवण असते. त्या शिवणीवर लगाम घासला की करंगळी तासाभरात सोलवटते. तिबेटी मार्केटमधून फ्लीसचा पातळ लायनर घ्यायला हरकत नाही, वरचा हातमोजा बहुधा ऑनलाइनच मागवावा लागतो.

बोटं एकत्र ठेवणारा पिशवीसारखा मिटन सगळ्यांत उबदार, कारण बोटं एकमेकांना शेकतात. पण लगाम बोटांमधून जाणार कसा? काही कंपन्या मधला मार्ग काढतात: तर्जनी-मधलं बोट एका खोबणीत, अनामिका-करंगळी दुसऱ्या खोबणीत. असं असलं तर लगाम धरण्याची पद्धत थोडी बदलावी लागते. शांत घोड्यावर, चालीच्या रपेटीला ते चालून जातं. शिकाऊ घोड्यावर किंवा उडीच्या सरावाला नको.

घरी पोचल्यावर लेबल काढण्याआधी हातमोजे घालून तीन गोष्टी करून बघा. टेबलावरचं रुपयाचं नाणं उचला. जुन्या बॅगेचा साधारण दोन सेंटिमीटर रुंद पट्टा लगामासारखा धरा आणि कुणाला तरी दुसरं टोक हळूच ओढायला सांगा. डोळे मिटून ओढ कळली पाहिजे. आणि बेल्टचं बकल लावा-काढा. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळायला हातमोजा काढावा लागत असेल तर थंडीत तो दर वेळी काढला जाणार, आणि सगळी कमाई तिथेच जाणार.

हातमोज्याच्या अलीकडे

हाताला रक्त कमी जायचं की जास्त हे बऱ्याच अंशी धड ठरवतं. छाती-पोट गार पडलं की हुकूम सुटतो आणि बोटं बंद होतात. धडाला विजेवर ऊब देत राहिलं, तर कडाक्याच्या थंडीतही उघडी बोटं उबदार राहू शकतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे हातमोज्याचं बजेट हजार रुपये असेल, तर त्यातले थोडे थर्मल बंडीवर आणि गळ्याला घालायच्या बफवर घालवा. मफलर नको, त्याचं सुटं टोक कशातही अडकतं.

दुसरी जागा मनगट. तिथे रोहिणी कातडीच्या अगदी जवळून जाते (डॉक्टर नाडी तिथेच बघतात) आणि बाही वर सरकल्यावर तिथेच वारा शिरतो. जुन्या लोकरी पायमोज्याचा पंजा कापून राहिलेली नळी मनगटावर चढवा, अंगठ्याला एक भोक पाडा. फुकटात होणारं, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त गुण देणारं काम. इलॅस्टिक मात्र आवळणारं नसावं. त्वचेवर वळ उठत असेल तर ती नळी रक्त अडवते आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. बोटं बहुतेकदा घोड्यावर बसण्याआधीच गेलेली असतात. खरारा, गार बादली, रात्रभर थंडीत टांगलेली लोखंडी कडी, पितळी बकलं. धातू बोटातली ऊब झपाट्याने ओढून घेतो. म्हणून घरून निघतानाच हातमोजे घाला, हात गरम असताना. घोडा सजवताना लायनर हातात ठेवा. कडी उघड्या हाताने चोळून गरम करण्याची जुनी पद्धत घोड्यासाठी चांगली आहे, तुमच्यासाठी नाही. कोमट पाण्यात बुडवून पुसली तरी घोड्याचं समाधान होतं.

गरम पुड्या आणि बॅटरीचे हातमोजे

हलवल्यावर गरम होणाऱ्या पुडीत लोखंडाचा कीस, मीठ, कोळशाची पूड आणि थोडं पाणी असतं. हवा लागली की लोखंड गंजतं आणि त्या गंजण्यातून उष्णता निघते. ही पुडी तळव्यात ठेवू नये, लगामाच्या मध्ये येते. हाताच्या पाठीवर किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला, लायनरच्या बाहेरून ठेवा, उघड्या कातडीवर कधीच नाही. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्यांनी हिच्यापासून जपून राहावं. भाजलं तरी कळत नाही.

बॅटरीचे हातमोजे घरात बसल्याबसल्याही बोटं पांढरी होणाऱ्यांसाठी खरंच उपयोगी आहेत. घेताना बॅटरी मनगटाच्या पाठीवर येते की लगाम धरण्याच्या बाजूला, बोटांत तारा कडक लागतात का, आणि पडल्यावर हात पटकन सुटेल इतका कफ मोकळा आहे का, एवढं बघा. तबेल्यावर पोचायच्या आधीच मंद आचेवर सुरू करा. रक्तवाहिन्या एकदा मिटल्या की त्यांना उघडायला वेळ लागतो. न मिटू देणं सोपं.

रपेटीत बोटं गेलीच तर चालीवर या, लगाम एका हातात घ्या आणि दुसरा हात आयाळीखाली घोड्याच्या मानेवर दाबून धरा. घोड्याचं अंग साधारण ३८ अंश असतं. तबेल्यात त्याहून चांगली शेगडी नाही. काखेतही चालेल. हात गोल-गोल फिरवून बोटांत रक्त उतरवण्याची युक्तीही खरी आहे, पण ती घोड्यापासून चार हात लांब, नाहीतर बोटांचं राहील बाजूला आणि घोडा धरायला सगळा तबेला पळेल. लगाम हातात आहे की नाही हेच कळेनासं झालं तर मात्र उतरा. घरी आल्यावर कोमट पाणी, कढत नाही. आणि हातमोजे उलटे करून सावलीत वाळत घाला. शेकोटीजवळ ठेवलेलं चामडं दोन दिवसांत पापडासारखं कडक होतं, आणि कडक तळव्यातून लगाम परत जाणवेनासा होतो.